हाक कागदावर येत नाय

वाडी, पो. पाचोड, ता. पैठण
२२ जानेवारी १९७३

मल्हारीस,

दिवाळीपासूनचं हे तिसरं पत्र. पहिलं तुझ्या शहागंजच्या हॉटेलातून परत आलं. दुसरं खुलताबादच्या पत्त्यावर टाकलं, ते आलंही नाय आणि पोचलंही नाय. परवा पाचोडच्या बाजारात फुलंब्रीकडचा एक माणूस भेटला, तो म्हणला तुमचा मल्हारी गुलमंडीत बन्सीशेठच्या कापडदुकानापुढं दिसतो. म्हणून तिथं टाकते. तू तिथूनही उठला असशील तर ज्याच्या हाती हे पडेल त्यानं मेहरबानी करून पुढं धाडावं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मायला लकवा मारला. सकाळी मेंढरांना हाक द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच वाकडं राहिलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा पार गेली. डोळे आणि कान शाबूत आहेत. दाराकडं तोंड करून पडते. कुणी आलं की बघते, तू नाय हे बघून मान टाकते.

दुसरी गोष्ट याच्याइतकीच मोठी आहे. विहीर आटली. टँकर चार दिवसांनी येतो, त्यात माणसांचंच भागत नाय. शहागडला गोदावरीच्या वाळूत अजून झिरे आहेत, कडेला थोडा पाला आहे. दोन मुक्कामांची वाट. मेंढरं तिथं पोचली तर जगतील. पण मेंढरं चालत नाय. मुंजाबाकाकानं तीनदा नेली. ओढ्यापर्यंत जातात, मग म्होरकी मेंढी बानाई थांबते, गळ्यातली घंटी वाजायची थांबते, मान वर करून ऐकते आणि माघारी फिरते. ती फिरली की सगळी फिरतात. काका बिचारा जन्मभर दुसऱ्याच्या कामावर, आता दुष्काळी कामावर खडी फोडतो. त्याची हाक त्यांनी कधी ऐकलीच नाय. त्यांना बाई माहीत एकच.

आणि तिच्यासारखी हाक देणारा तू एकच. ये. मला सातवा महिना आहे, आधीची दोन गेली हे तुला माहीत आहे, मला वाट चालता येत नाय. जिच्या हातून बाळंत व्हायला माहेरी आले तीच आडवी झाली. त्रेसष्ट मेंढरं होती, आठ गेली.

तुझी आक्का,
मंजुळा


गुलमंडी, औरंगाबाद
२९ जानेवारी १९७३

आक्का,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं असतं ते सातवीत शिकवलं होतं, पण मी सातवी अर्धीच केली, त्यामुळं पुढचं सुचत नाय. तुझ्या पायावर डोकं ठेवलं असं समज.

तुझं पत्र मी दुकानाच्या पायरीवर वाचलं. मग उठलो आणि कुठं निघालो कळलं नाय. पैठणगेट, तिथून क्रांती चौक, तिथून उलटा पार पाणचक्कीपर्यंत गेलो. पाणचक्कीला पाणी पडतंय अजून. माणसं कडेला बसून शेंगा खात पाण्याकडं बघत होती. मला वाटलं, ही एवढी पाण्याची धार उचलून आपल्या मेंढरांच्या वाडग्यात नेऊन ठेवावी.

माझं इथं बरं चाललंय. बन्सीशेठचा सेल आहे. लतीफमियाँचा टांगा, दोन्ही बाजूंना कापडाचे फलक, मागं मी उभा, हातात पत्र्याचा भोंगा. 'चला चला गुलमंडी' म्हणून सगळ्या शहरात ओरडत फिरतो. लतीफमियाँ म्हणतो, "मल्हारी, तेरा गला है के तोप है रे? मेरा घोडा बहरा हो गया." घोडा खरंच एका कानानं बहिरा आहे, पण तो आधीपासून. शहागंजच्या चढावर त्याला फक्त डाव्या बाजूनं बोलायचं असतं.

हे काय सांगत बसलो. मोठ्या मायची वाचा गेली हे मला खरं वाटत नाय. ज्या बाईनं पलटण थांबवली! तिला सांग, तिनं सांगितलेलं मल्हारीला सगळं आठवतं. पोलीस ॲक्शनचं साल, भादव्याचे दिवस. रझाकारांच्या भीतीनं माणसं शिवार सोडून पळालेली, आणि ही एकटी विधवा बाई आपला बाप आणि काका ही दोन पोरं आणि मेंढरं घेऊन सडक ओलांडत होती. तेवढ्यात मिलिटरीच्या गाड्या आल्या. पुढच्या गाडीतला फौजी ओरडला, "हटाव!" ही काठी आडवी धरून सडकेच्या मधोमध उभी राहिली. म्हणली, "आधी माझी मेंढरं जातील. मग तुमचं राज येऊ द्या." आणि शेवटचं लंगडं कोकरू पार होईपर्यंत अख्खी पलटण थांबली. निजामाचं राज जायला अर्धा तास उशीर झाला तो आपल्या घरामुळं. शाळेत हे मी मास्तरला सांगितलं, त्यानं छडी मारली. तिनं दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मास्तरला विचारलं, "तुम्ही व्हता का तिथं?"

सेल संपायला आठ दिवस आहेत. तो झाला की येतो. लगेच निघता येत नाय, त्याचं कारण कागदावर नको. तोवर काकाला म्हणावं बानाईला पुढून ओढू नको, ती हट्टाला पेटते.

मल्हारी


वाडी
४ फेब्रुवारी १९७३

मल्हारी,

तुझं पत्र मोठ्या मायला वाचून दाखवलं. पलटणीचं आलं तेव्हा तिचा अर्धा चेहरा हसला. अर्ध्या चेहऱ्याचं हसू मला बघवलं नाय. मग तिनं डाव्या हातानं खूण केली, बोट खाली-वर. मी म्हणलं, "काय गं, कोकरू लंगडं नव्हतं?" नाय. "पलटण नव्हती?" होती. बराच वेळ लागला. तिला म्हणायचं होतं की तिनं काठी आडवी धरली नव्हती, उभी टेकली होती. तेवढं दुरुस्त कर म्हणते.

बाकी तुझ्या पत्रात घोडा होता, पाणचक्की होती, शेंगा होत्या. तू कधी येणार हे एका ओळीत होतं. आठ दिवस! आठ दिवसांत इथं काय होतं ते लिहिते. गेलेली मेंढरं आठाची अकरा झाली. दोन कोकरांना मी भाकरीचं पाणी चिंधीनं पाजत होते, त्यातलं एक माझ्या मांडीवर मेलं. काका सकाळी खडीवर जातो, संध्याकाळी लिंबाच्या फांद्या तोडून आणतो, आता जवळचे लिंब बोडके झाले. त्याचे हात बघशील तर ओळखणार नाय.

ती मेंढरांचा आवाज ऐकते. प्रत्येकीचं ओरडणं तिला वेगळं कळतं. एखादी ओरडायची बंद झाली की माझ्याकडं बघते. मी खोटं सांगते, 'निजली'. ती डोळे मिटून घेते. तिला खोटं कळतं.

काकाला मी म्हणलं, मल्हारीची वाट किती बघायची, तूच शीक. तो म्हणला, शिकवणारीचं तोंड बंद आहे, शिकू कुणाकडून. म्हणून विचारते. ती हाक तू कागदावर लिहून पाठवू शकतोस का? कशी सुरू होते, कुठं चढते, कुठं उतरते, सगळं लिही. मी काकाला वाचून दाखवीन. वेडेपणा आहे हे मलाही कळतं. दुसरं काही सुचत नाय.

मंजुळा


गुलमंडी
९ फेब्रुवारी १९७३

आक्का,

तीन दिवस लिहितोय. पाच कागद फाडले. दुकानाच्या मागं गठ्ठ्यांच्या आड बसून लिहितो, आणि बन्सीशेठ म्हणतो, "कुणाला प्रेमपत्र लिहितोस रे?" मी मान हलवली.

काकाला सांग:

आधी श्वास पोटात. छातीत नाय, पोटात. मग ह्योऽऽऽऽ. हे लांब. गाडीवाट डोंगराकडं चढत जाते तसं चढवायचं, आणि माथ्यावर गेल्यावर एकदम सोडायचं नाय, हळू खाली आणायचं. मग दोन तुकडे: येव. येव. दुसरा पहिल्याहून लहान, लाडाचा, आईनं रडणाऱ्या पोराला म्हणावं तसा. मग टाळ्याला जीभ लावून एक आवाज, तो लिहिता येत नाय. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की होतो तसा. आणि शेवटी हळूच, 'चल गं बाई'. हे मेंढरांसाठी नसतं. हे ती स्वतःला म्हणते. पण तेही म्हणायचं, त्याच्याशिवाय बानाई पाय उचलत नाय.

मी कसा शिकलो ते तुला माहीत नसेल. आपली आई मला जन्म देऊन गेली तेव्हा मोठ्या मायनं मला मेंढीच्या दुधावर जगवलं, बानाईच्या आजीच्या. आणि बाप विहिरीच्या कामात दगडाखाली गेला तेव्हा मी तीन वर्षांचा. तेव्हापासून ती मला कमरेला बांधून मेंढरामागं फिरायची, हातातल्या भिंगरीवर लोकर कातत. हाक द्यायची तेव्हा तिचं पोट हलायचं आणि माझी पाठ त्याला टेकलेली असायची. मी हाक कानानं नाय शिकलो, पाठीनं शिकलो.

सात-आठ वर्षांचा असताना बांधाआड लपून मी तशीच हाक दिली. अख्खा कळप तिला सोडून माझ्याकडं धावला. तिनं मला धरून बडव बडव बडवला. मग माझं नरडं दोन बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणली, "कुठं लपवलंस रं माझं नरडं?" आणि हसायला लागली. त्या संध्याकाळी मला एकट्याला तूप दिलं. तू रडली होतीस तुपासाठी.

काकाला दोन-तीनदा म्हणू दे. आधी वाडग्यापासून लांब उभं राहून.

मल्हारी


वाडी
१६ फेब्रुवारी १९७३

मल्हारी,

काल काकानं तुझी हाक दिली.

खडीवर सुट्टी टाकून आला. अंघोळ केली, अंघोळीला लोटाभर पाणी घेतलं तर मी काही बोलले नाय. कागद घेऊन उकिरड्याच्या उंचवट्यावर उभा राहिला. त्याला अक्षर येत नाय, म्हणून मी खाली उभी राहून एक-एक ओळ सांगत होते आणि तो वर म्हणत होता. तरी कागद त्यानं हातात धरला होता. सगळी वाडी गोळा झाली. दगडाबाईनं तोंडाला पदर लावून विचारलं, "मुंजाबा, मेंढरांना वाचायला शिकवलं का रं?" सगळे हसले. लई दिवसांनी वाडीत कुणी हसलं.

त्यानं पोटातून श्वास घेतला. ह्योऽऽ चढवलं. येव, येव म्हणला. जिभेचा आवाज केला. चल गं बाई म्हणला, ते म्हणताना लाजला. मेंढरांनी माना वर केल्या. मला वाटलं चालली. बानाई पुढं निघाली, घंटी वाजवत उंचवट्यावर चढली, काकाजवळ गेली, आणि त्याच्या हातातला कागद ओढून खाल्ला. तुझी हाक तिच्या पोटात गेली. दोन दिवसांत तेवढाच चारा.

लोक लोळून हसले. काका हसला नाय. काठी फेकली आणि खाली बसला. मग म्हणला, "मंजुळे, पुढच्या महिन्यात पाचोडच्या बाजाराला मेंढरं इकत घ्याया हेडी येणार हाय ट्रक घेऊन. जिवंत हायेत तवर देऊन टाकतो. डोळ्यांदेखत मरण्यापरीस खाटकाकडं गेलेली बरी." मोठ्या मायनं ते आतून ऐकलं. डाव्या हातानं पितळी उचलून जमिनीवर आपटायला लागली. आपटत राहिली. मी हात धरला तर मला ढकललं. एवढा जोर कुठून आला तिच्यात देव जाणे.

तू लिहिली ती हाक चुकीची नव्हती, पण ती तुझ्या वेळची होती. तू जाऊन तीन वर्षं झाली. दोन वर्षांपासून तिला दमा आहे, हे तुला कुणी सांगितलं नाय, कारण सांगायला तू कुठं सापडलास? तिची हाक आता चढायची नाय. मधेच फाटायची, शेवटाला नुसती हवा यायची. मेंढरं त्या फाटक्या हाकेवर चालत होती. ती मी कागदावर कशी सांगू?

आता खरं सांग. सेल संपला असणार. तू का येत नाहीस? तिथं एखादी बाई केली आहेस का? तुरुंगाचं काही आहे का? काय असेल ते सांग, मी रागावणार नाय. मला फक्त कळू दे कुणाची वाट बघायची.

मंजुळा


गुलमंडी
२१ फेब्रुवारी १९७३

आक्का,

माझा आवाज गेला.

बाई नाय, तुरुंग नाय. मला पोचलेलं तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधी गेला. वीस दिवस भोंग्यात ओरडलो, धुळीत, उन्हात, आणि वर बर्फाचा गोळा खायचा. एक दिवस सिटी चौकात 'चला चला' म्हणलो आणि नुसता वारा निघाला. डॉक्टरनं घशात आरसा घालून बघितलं. म्हणला महिना-दोन महिने शब्द काढू नको, नायतर कायमचा जाईल. तुला लिहिलं की भोंगा घेऊन फिरतो, ते खोटं. आता मी गठ्ठे उचलतो. काही सांगायचं तर पाटीवर लिहितो. लतीफमियाँला वाचता येत नाय, म्हणून मी लिहितो आणि तो पाटीकडं बघून अंदाजानं उत्तर देतो. "हां हां, समझ गया," म्हणतो आणि चहा मागवतो. मी काहीही लिहिलं तरी चहाच येतो.

एकदा सकाळी लेण्यांच्या डोंगराकडं गेलो, तिथं कुणी ऐकणार नाय म्हणून. हाक देऊन बघितली. गंजलेल्या कवाडासारखा आवाज आला आणि घशातून रक्त आलं. पलीकडं एकाची शेळी चरत होती ती घाबरून पळाली. म्हणून आलो नाय. ती दाराकडं बघत पडली आहे असं तू लिहिलंस. मी दारात उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि तिच्यासारखंच माझ्याही तोंडातून काही निघालं नाय, तर ती कुणाकडं बघणार?

पण हेही सगळं खरं नाय. आवाज असता तरी पहिल्या दिवशी आलो असतो का माहीत नाय. एक गोष्ट आहे. ती तिनं तुम्हाला सांगितली नसणार.

गेल्या दिवाळीआधी ती इथं आली होती. पहिल्यांदा एसटीत बसून. काकाला सांगितलं होतं पैठणला देवाला जाते. विचारत विचारत गुलमंडीत पोचली, डोक्यावर घोंगडं, पायात वहाण नाय, आणि दुकानात सरळ पांढऱ्या गादीवर येऊन बसली. दिवाळीची गर्दी, बायका साड्या बघत होत्या. बन्सीशेठनं मला विचारलं, "कोण रे ही?"

मी म्हणलो, "आमच्या गावची बाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग शेठला म्हणली, "व्हय शेठ, गावचीच हाय. पोराच्या घरच्यांनी घोंगडं दिलं व्हतं, तेवढं पोचवाया आले." उठली. गादीवर बसलेली जागा हातानं झाडली. मी बाहेर सोडायला गेलो तर म्हणली, "जा, गिऱ्हाईक खोळंबलंय." मला घ्यायला आली होती आक्का. दमा होता म्हणतेस ना, म्हणून आली असणार. मला हाक सोपवायला. आणि पायरी उतरताना स्वतःशी म्हणली, चल गं बाई.

घोंगड्याला अजून चिंचोक्याच्या खळीचा वास आहे. मी त्यावरच निजतो.

हे तिला वाचून दाखव. नको, राहू दे. नाय, दाखव. मी येतो. आवाज नसला तरी येतो. तिच्या कपाळाचा घाम पुसायला तरी उपयोगी पडेन. या आठवड्याचा पगार मिळाला की निघतो.

मल्हारी


वाडी
२६ फेब्रुवारी १९७३

मल्हारी,

मोठी माय शुक्रवारी दुपारी गेली. तुझं पत्र काल आलं.

त्या दिवशी सकाळपासून मेंढरं गप्प होती. तिला वाटलं सगळी मेली. मी बानाईला ओढत घरात आणलं, तिच्या खाटेपाशी उभं केलं. तिनं डावा हात घंटीवर ठेवला. ओठ हलले. बानाई कान लावून उभी राहिली. आवाज आला नाय. बानाई तरी हलली नाय, दुपारपर्यंत. मग माणसं आली, बानाईला बाहेर काढावं लागलं.

ओढ्याच्या अलीकडं माती दिली, जिथून मेंढरं फिरतात तिथं. काकानं जागा ठरवली.

तुझं पत्र मी तिथं जाऊन वाचलं. तू दाखव म्हणलास म्हणून. एकदा तुझ्यावर थुंकावं वाटलं. मग तिचं बोलणं आठवलं. पैठणहून आली तेव्हा मी विचारलं होतं, "देव भेटला का?" म्हणली, "भेटला. लई कामात व्हता."

शेहेचाळीस मेंढरं उरली. ४ मार्चच्या बाजारात काका देणार. त्याला कुणी अडवू शकत नाय, मीही अडवणार नाय. यायचं तर ये, नाय तर नको येऊ. आता दाराकडं कुणी बघत नाय.

मंजुळा


शहागड, गोदावरीची वाळू
७ मार्च १९७३

आक्का,

तुझं पत्र ३ तारखेला मिळालं. ४ ला पहिल्या एसटीनं पाचोडला उतरलो, तर बाजारात पोचेपर्यंत ट्रक भरला होता. काका सौदा करून निघून गेला होता. ट्रकच्या फळ्यांमधून नाकं बाहेर आली होती. बानाईचं मला लगेच ओळखू आलं, डावा कान फाटलेला.

हेड्याला मी हात जोडले, तोंडातून शब्द फुटेना, खिशातली पाटीची पेन्सिल काढून जमिनीवर लिहायला लागलो. तो म्हणला, "अरे, हा मुका कोण? बाजूला व्हा!" ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

मग मी श्वास पोटात घेतला. मला माहीत होतं कायमचा जाईल. ह्योऽऽ चढलंच नाय. मधेच फाटलं. येव, येव म्हणलो ते फाटक्या कापडासारखं निघालं आणि शेवटाला नुसती हवा. माझाच आवाज मला ओळखू येईना. पण तू लिहिलं होतंस ना, तिची हाक अशीच झाली होती.

शेहेचाळीस मेंढरं एकदम ओरडली आक्का. सगळा ट्रक हलला. सगळी माझ्या बाजूच्या फळ्यांवर चढली. एक फळी मोडली आणि बानाई बाहेर पडली, तिच्यामागं सात-आठ. माणसं धावली. चांगली होती ती धरून परत आत टाकली. ड्रायव्हरनं मला दोन ठेवून दिल्या. मी परत हाक दिली. आत ती फळ्यांवर डोकी आपटायला लागली, एकीच्या नाकातून रक्त आलं. त्यांना वाटत होतं मोठी माय आली आहे. आणि मी त्यांना कुठंच नेऊ शकत नव्हतो.

तेव्हा मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ट्रक लांब जाईपर्यंत मेंढरं मला हाका मारत होती आणि मी गप्प बसलो. गुलमंडीत तिला परकी म्हणलो त्यापेक्षा हे जड गेलं.

हेडी जाताना म्हणला, "ती पाच ने रे तुझी. मुंबईपर्यंत टिकत नायत." बानाई आणि चार म्हाताऱ्या, त्यातली एक पायानं अधू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरूनच आलो. थांबलो नाय याचा राग धरू नको. थांबलो असतो तर मेंढरं वाडग्यात शिरली असती आणि परत निघाली नसती. ओढ्यापाशी बानाई थांबली. मी तिथंच, मातीच्या ढिगाऱ्याजवळ उभं राहून शेवटची हाक दिली आणि ती ओढा उतरली. बाकीच्या तिच्यामागं. मी चल गं बाई म्हणलो ते मलाच ऐकू आलं नाय.

आता आवाज पार गेला आहे. कुजबुजसुद्धा निघत नाय. झिऱ्यातलं पाणी खारट आहे, पण पितात. अधू होती ती काल मेली. चार आहेत. बानाई माझ्या मागं मागं फिरते, तोंडाकडं बघते, वाट बघते. घंटी वाजवून बघतो, पण तिला हाक पाहिजे. तिला कसं सांगू?

मल्हारी


वाडी
१२ मार्च १९७३

मल्हारी,

पत्र पोचलं. मला सारखं दुखतंय, उद्या काका बैलगाडीनं पाचोडच्या दवाखान्यात नेतो म्हणतो, म्हणून आजच लिहिते.

त्या सकाळी मी भाकरी थापत होते. काका अंगणात बसला होता. बाजारातून आल्यापासून त्यानं पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. ओढ्याकडून हाक आली. फाटकी, मधे तुटलेली. मी हातातली भाकरी तव्यावर टाकत म्हणलं, "आले गं माय, एवढी टाकते." म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले.

बाहेर आले तर काका अंगणात नव्हता. वाडग्यापाशी गेला होता. रोज सकाळी तिची हाक आली की तो करायचा तेच त्यानं केलं होतं. दोन्ही हातांनी वाडग्याच्या तोंडाचा काट्याचा झापा उचलून बाजूला ठेवला होता, आणि आतली मेंढरं बाहेर पडायला वाट राहावी म्हणून स्वतः कडेला सरकून उभा होता.

वाडग्यात काय होतं? नुसत्या लेंड्या आणि फांद्यांच्या काटक्या.

भाकरी करपली. मग काका म्हणला, "गेली का गं ओढ्यापल्याड?"

मी म्हणलं, "गेली."

झापा अजून बाजूलाच आहे. मी लावायला गेले तर लावू देत नाय.

तुझी आक्का,
मंजुळा